लाइन क्लिअर

मराठी भाषेने कुत्र्याला कधी चांगले वागवलेले नाही. वर्गात वाक्प्रचार शिकवताना हे मला दरवर्षी नव्याने जाणवते. हाल व्हायचे तर कुत्र्यासारखे, मरण यायचे तर कुत्र्याच्या मौतीचे, आणि एखाद्याची किंमत उरली नाही की त्याला म्हणे कुत्रेसुद्धा विचारीत नाही. दत्तगुरूंच्या पायाशी बसलेली चार कुत्री आपल्याला चालतात, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्याला वंदनीय वाटतात; पण तोच प्राणी जिना चढून उंबऱ्याशी आला, की 'हाड्' या एका शब्दात संभाषण संपते. आणि शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, या म्हणीने तर त्याच्या शिक्षणाचा प्रश्नच निकालात काढला आहे. म्हण करणाऱ्याने शेपटाचा नाद सोडून दुसऱ्या टोकाला, म्हणजे डोक्याकडे, लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

यंदाच्या जून महिन्यात, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, माझ्या वडिलांनी वयाच्या ७४ व्या वर्षी असे एक शेपूट घरात आणले. त्यांच्या सोसायटीत रखवालदाराच्या खोलीमागे एका गावठी कुत्रीला चार पिल्ले झाली होती. त्यांतली आठ आठवड्यांची, तांबूस रंगाची, एक कान उभा नि एक पडलेला, अशी एक कन्या टॉवेलात गुंडाळून नाना वर घेऊन आले आणि फोनवर मला एवढेच म्हणाले, "अगं, संध्याकाळी येताना जुनी फडकी असतील तेवढी घेऊन ये."

नाना पुण्यात पर्वतीच्या बाजूला पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. आई जाऊन अडीच वर्षे झाली. जिन्याला १८ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि डाव्या गुडघ्याची तक्रार जुनी आहे. उलट पिल्लू ही काय वस्तू असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. ते चालत नाही, सुटते. तिचे ते सुटणे पाहूनच नानांनी तिचे नाव राणी ठेवले. १ जून १९३० पासून मुंबई-पुणे धावणारी जी दख्खनची राणी, तिच्यावरून. नाना मध्य रेल्वेत स्टेशनमास्तर होते, २०११ साली निवृत्त झाले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ त्यात आहे.

ओळखीच्या मंडळींचे मत एकच पडले: या वयात पिल्लू? लसीकरणासाठी गेलो तेव्हा पशुवैद्य बाईंनीही ते मत सौम्य शब्दांत सांगितले. "आजोबा, तुमच्यासाठी दोन-तीन वर्षांचा शहाणा कुत्रा बघून दिला असता. बाहेर जायची सवय लागलेला, अंगावर उड्या न मारणारा." हा सल्ला अगदी योग्य आहे आणि कुणीही वडीलधारी माणसे विचारतील तर मीसुद्धा हाच देईन. पण नानांच्या मांडीवर त्या वेळी राणी झोपलेली होती. झोपलेले पिल्लू मांडीवर असताना कोणताही योग्य सल्ला कानात शिरत नाही.

घरी आल्यावर पहिला प्रश्न अर्थातच लघुशंकेचा. पिल्लू दिसायला कितीही गोजिरवाणे असो, चार तासांत सात ठिकाणी तळी झाली की घरातल्या माणसांची माया आटू लागते. अनेक पिल्ले पुन्हा रस्त्यावर जातात ती याच पायी. चावण्याने किंवा भुंकण्याने तेवढी जात नाहीत.

यात पिल्लाचा हट्ट वगैरे काही नसतो. पहिले तीन आठवडे आईच चाटून त्यांची सगळी स्वच्छता करते. पुढे पिल्ले पायांवर उभी राहिली, की आपणहून झोपायच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकतात. आपले अंथरूण कोरडे ठेवायचे एवढे ज्ञान जन्मजात आहे. मात्र अंथरूण कुठे संपते आणि घर कुठे संपते, हे त्याला कुणीतरी शिकवावे लागते. शिवाय कळ धरण्याची ताकद आधी अंगात यावी लागते. ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचे पिल्लू, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचे फार तर तीन तास, तेही शांत पडून असेल तर. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात, आणि खेळ ऐन रंगात आलेला असताना, या तीन वेळा ठरलेल्या. त्याआधी ते जमीन हुंगत गोल फिरू लागते. तेवढ्यात उचलून नेमक्या जागी ठेवले, तर काम फत्ते.

थोडक्यात, हे सगळे वेळापत्रकाचे काम आहे. आणि इथेच मला त्या 'या वयात पिल्लू?' विचारणाऱ्या मंडळींशी थोडे भांडायचे आहे. नवरा-बायको दोघेही सकाळी नवाला डबे घेऊन बाहेर पडणारे तरुण घर पाहा. त्या घरात दोन-तीन तासांनी पिल्लाला उचलणार कोण? पहाटे दोनला उठणार कोण? नानांच्या वयाच्या पुरुषांना रात्री दोनदा उठावेच लागते, त्याला त्यांचे स्वतःचे कारण असते. तेव्हा एकाच जागरणात दोघांचेही काम होऊ लागले. ते पहाटे पाचला उठतात, अकराला जेवतात, साडेसातला खिचडी खातात. ३० वर्षांत यात १५ मिनिटांचा फरक मी पाहिलेला नाही. आईला या नियमितपणाचा वैताग यायचा. राणीला तो मानवला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक लांबट वही आणून रकाने आखले. स्टेशनात ट्रेन रजिस्टर असते, कोणती गाडी किती वाजता आली नि किती वाजता सुटली याची नोंद ठेवण्याचे, तसे. खाणे, झोप, खेळ, आणि शेवटच्या रकान्यात दोन्ही विधी, सगळे २४ तासांच्या घड्याळात. 'उठली ५.१०. गॅलरी ५.१२. लाइन क्लिअर ५.१४.' घरात झालेली चूक लाल शाईने: 'घसरली, १६.४०, सोफ्यामागे. कारण: मी फोनवर.' कारणाचा रकाना मला सर्वांत आवडला. त्यात राणीचे नाव एकदाही आलेले नाही. 'पाहुणे बोलत बसले', 'दूध उतू गेले', 'डुलकी लागली', असेच सगळे. पहिल्या आठवड्यात लाल नोंदी १९ होत्या, चौथ्या आठवड्यात ४.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पिल्लाचे नाक त्या ओलीत घासायचे किंवा वर्तमानपत्राच्या सुरळीने फटका द्यायचा, ही रीत आहे. ती टाकून द्यावी. कृती आणि तिचे फळ यांत दोन-चार सेकंदांचे अंतर असेल तरच पिल्लाला संबंध लागतो. मागाहून मिळालेल्या माराचा अर्थ 'हा माणूस मधूनच पिसाळतो' एवढाच होतो. मग ते माणसाच्या नजरेआड, कपाटामागे जाऊन बसू लागते. लोक म्हणतात, "त्याला कळते हो, चेहरा बघा कसा अपराधी करतो!" न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या बाईंनी २००९ साली नेमका हाच चेहरा तपासला. चूक केलेली असो वा नसो, मालक रागावला की कुत्रा तोच चेहरा करतो, असे त्यांना आढळले. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हे, आपल्या रागाला दिलेले उत्तर आहे. कॉलेजात उशिरा येणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांचाही एकदा असाच अभ्यास व्हायला हवा. असो.

नानांची पद्धत उलटी होती. राणी बसली, की "लाइन क्लिअर" हे दोन शब्द हळू आवाजात उच्चारायचे, आणि ती उठताक्षणी खिशातला एक फुटाणा. खिशातला, डब्यातला नव्हे. डबा आणेपर्यंत त्या दोन-चार सेकंदांची गाडी निघून जाते. महिन्याभरात असे झाले, की नानांनी "लाइन क्लिअर" म्हणायचे आणि तिने आज्ञाधारकपणे बसायचे.

पण कुठे बसायचे? पावसाळा तोंडावर आलेला. लसींचा क्रम सहाव्या-आठव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो आणि तोवर पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत सोडणे धोक्याचे असते. पार्व्हो नावाचा विषाणूजन्य रोग १९७८ साली प्रथम ओळखला गेला. त्याचे विष मातीत महिनेन् महिने टिकते आणि लहान पिल्लू त्यात दोन-तीन दिवसांत हातचे जाते. आमच्या लहानपणी वाड्यात कुत्री अशीच वाढायची, हे खरे; पण त्यांतली किती वाढायची, हे कुणी मोजत नव्हते.

वर्तमानपत्र अंथरावे, असे पुष्कळांनी सुचवले. माझ्या एका सहकाऱ्यांच्या घरी हा प्रयोग झालेला मी पाहिला आहे. पिल्लू शिकले, उत्तम शिकले, आणि मग रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून वाचणाऱ्या सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन तिच्यावर बसले. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पायाखाली जे लागते, तेच 'ती जागा' म्हणून डोक्यात बसते. पुढे मातीवर जायला हवे असेल तर सुरुवातही मातीनेच करावी. नानांनी कुंड्यांच्या दुकानातून एक पसरट टब आणला, त्यात चार बोटे स्वच्छ माती घातली आणि तो गॅलरीच्या छपराखाली ठेवला. यामुळे पावसाचा प्रश्नही सुटला. गावठी पिल्ले चिखलात मजेत लोळतील, पण ओल्या जमिनीवर बसायचे म्हटले की नवरीसारखी आढेवेढे घेतात.

झोपायला एक देवदारी खोके केले होते, समोरची फळी काढून. त्यात काय घालावे यावर मी माझी फडकी पुढे केली. नानांनी ती बाजूला ठेवून कपाटातून आईने शिवलेली गोधडी काढली. आईच्या दोन इरकली आणि एक पांढरी नऊवारी अशा तीन लुगड्यांची ती गोधडी. माझा चेहरा बघून म्हणाले, "ती आपले अंथरूण ओले करत नाही. वाचलंय मी." आणि खरोखरच वहीत लाल शाईने सोफा आहे, पायपुसणे आहे, देवघरासमोरचा पाट आहे; गोधडी एकदाही नाही.

पुसण्याबद्दल एक गोष्ट गृहिणींसाठी. फिनेलने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, कुत्र्याच्या नाहीत. आपल्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, त्याच्या नाकात ३० कोटींपर्यंत. शिवाय फिनेल लहान पिल्लाच्या पोटात जाणे बरे नव्हे. हल्ली विकरे असलेली द्रावणे मिळतात, ती लघवीतले घटकच मोडून टाकतात. अमोनिया असलेली द्रावणे मात्र कटाक्षाने टाळावीत; त्याचा वास कुत्र्याला 'इथेच बसा' अशी पाटी लावल्यासारखा असतो.

ऑगस्टमध्ये लसी पुऱ्या झाल्या आणि टबावरून खालच्या मातीवर बदली करायची वेळ आली. इथे गाडी अडली. राणी खाली जाई, अर्धा तास सगळे आवार हुंगे, फुलपाखरांमागे धावे, आणि वर आल्याबरोबर धापा टाकीत टबात जाऊन बसे. "आउटरला उभी राहते, स्टेशनात येत नाही," नाना म्हणत. पाच दिवस असे चालले. दिवसातून सहा वेळा १८ पायऱ्या, चढून आणि उतरून. सहाव्या दिवशी नानांनी टबातली मूठभर ओली माती कागदावर घेतली, आवाराच्या कोपऱ्यात बदामाखाली नेऊन टाकली आणि राणीला तिथे उभे केले. तिने हुंगले, दोन गिरक्या घेतल्या आणि बसली. तेव्हा या गृहस्थांनी, जे माझ्या लग्नातही फारसे हसले नव्हते, टाळ्या वाजवल्या. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या.

सोसायटीत कुरबूर झालीच. 'कुत्रे ठेवायचे नाही' असा ठराव करण्याचीही भाषा निघाली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांप्रमाणे सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. तो कागद नानांनी काढून ठेवला होता, पण दाखवायची वेळ येऊ दिली नाही. हातात कागदी पिशवी घेऊन, मागे काही राहणार नाही याची काळजी घेत ते रोज सर्वांदेखत फिरत राहिले. त्या कागदापेक्षा या पिशवीचा उपयोग जास्त झाला.

मला स्वतःला धास्ती होती ती निराळीच. पिल्लू पायांत येते. मागे फिरावे तर टाचेशी, पुढे जावे तर अंगठ्याशी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाळीव कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांचा आकडा दरसाल सुमारे ८६ हजार दिला होता. त्यांत बहुतेक पडणे कुत्र्यांमुळे, आणि हाड मोडण्याचे प्रमाण पंचाहत्तरीपुढच्या माणसांत सर्वांत जास्त. नाना ७४ चे. हा आकडा मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मंडईतून बैलाच्या गळ्यात घालतात तसले एक घुंगरू आणून राणीच्या पट्ट्यात ओवले. आता ती कुठे आहे हे न बघता कळते. शिवाय रात्रभर गॅलरीपर्यंतचा दिवा चालू, ओली फरशी कोरडी होईतो त्या खोलीचे दार बंद, आणि साखळी मनगटाला गुंडाळायची नाही. नुसती मुठीत धरायची, म्हणजे हिसका बसला तर सोडून देता येते. जिन्यावरून जाताना ती पुढे नाही, मागेही नाही. भिंतीच्या बाजूला, आणि नानांचा दुसरा हात कठड्यावर. हे शिकवायला शी-शूपेक्षा दुप्पट वेळ लागला. मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसाच्या घरी पिल्लाचे हेच पहिले शिक्षण समजावे.

गणपतीला माझा धाकटा भाऊ बंगळूरहून आला. दार उघडताच राणी लोळण घेत त्याच्यापाशी गेली, तो कौतुकाने तिच्यावर वाकला, आणि तिने त्याच्या नव्या बुटावर धार सोडली. नानांनी रागवू दिले नाही. लहान पिल्ले आनंदाने किंवा दबून असे करतात, हाताबाहेरची गोष्ट असते; आल्याआल्या त्यांच्याकडे बघूच नये, वाकू नये, जरा वेळाने बाजूला बसून हाक मारावी. वाढत्या वयाबरोबर हे बहुधा जाते. पण भावाचा राग बुटाचा नव्हता. जेवणे झाल्यावर तो म्हणाला, "नाना, तुम्ही जिन्यात पडलात तर ताईला फोन कोण करणार? ही?" आणि मग जरा थांबून, "ही किती वर्षं जगेल, विचार केलाय का?"

"केलाय," नाना म्हणाले. "गावठी कुत्रं नीट सांभाळलं तर तेरा-चौदा वर्षं सहज जगतं. चौऱ्याहत्तर नि चौदा अठ्ठ्याऐंशी. तेवढं मी जगेन, असं मी कुठं म्हणालोय?"

कुणीच काही बोलले नाही. नाना उठून ती वही घेऊन आले. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी केव्हातरी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते: राणी, जन्म अंदाजे एप्रिल. लसींच्या तारखा. पशुवैद्यांचा फोन. खाण्याच्या वेळा. 'लाइन क्लिअर' या शब्दांचा उपयोग. काय चालत नाही: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका. खाली दोन रेघा आखल्या होत्या. एकीवर 'चार्ज देणार' आणि त्यांची सही. दुसरीवर 'चार्ज घेणार' आणि पुढे जागा मोकळी.

"ड्यूटी संपली की माणूस नुसता उठून जात नाही," नाना म्हणाले. "पुढच्या माणसाची सही झाल्याशिवाय स्टेशन सोडता येत नाही. तुम्ही दोघं ठरवा."

मी पेन शोधू लागले. भावाने स्वतःच्या खिशातले काढले. त्याच्याकडे बंगळूरला तळमजल्यावर घर आहे, पुढे चार पावलांची बाग आहे, आणि त्याची मुलगी गेले वर्षभर कुत्रा मागते आहे, हे सगळे तो सही करता करता सांगत होता. सहीखाली त्याने तारीख घातली. नानांनी वही बघितली आणि म्हणाले, "वेळ?" त्याने घड्याळात पाहून लिहिले: १४.२५.

राणी आता साडेपाच महिन्यांची होत आली. वहीत गेल्या २३ दिवसांत लाल शाई नाही. पण दिवाळीची काळजी आहेच, कारण फटाक्यांनी घाबरलेले पिल्लू बाहेर पाय ठेवीत नाही आणि शिकलेले सगळे आठवडाभरात विसरू शकते. नेपाळात नरकचतुर्दशीच्या सुमारास कुत्र्यांना झेंडूच्या माळा घालून कुंकू लावतात. आपण त्याच दिवशी पहाटे त्यांच्या कानाशी सुतळी बाँब लावतो. नानांनी चारही दिवसांचे नवे वेळापत्रक केले आहे. संध्याकाळची फेरी साडेपाचला, फटाके सुरू होण्याआधी. मग खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रेडिओ मोठ्याने, खोक्यावर चादर. रात्रीपुरता मातीचा टब पुन्हा गॅलरीत. फराळाची ताटे उंचावर, चिवड्यातल्या बेदाण्यांसाठी.

भाऊ धनत्रयोदशीला येतो आहे. साडेपाचची फेरी चारही दिवस त्याच्याकडे लावलेली आहे. परवा नानांनी त्याला फोनवर सगळ्या वेळा वाचून दाखवल्या, दोनदा, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि हो, येताना जुने बूट घालून ये."